भोगवटादार वर्ग दोन

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की सहाएक किलोमीटरवर खजाना विहीर लागते. म्हणजे माहीत असलेल्याला लागते. विहीर जमिनीच्या पोटात आणि आपण चौपदरी रस्त्यावर शंभरच्या स्पीडनं, त्यामुळे बहुतेकांची ती निघूनच जाते. पुढं पाली, बिंदुसरेचा तलाव, मग बालाघाटाचा चढ, वर मांजरसुंबा. तिथून आत गेलं की कपिलधार, म्हणजे दरीत कोसळणारं पाणी आणि मन्मथ स्वामींची समाधी. मागं बीड शहरात कुंडाच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर, टेकडीवर खंडोबाचं देऊळ आणि त्याच्या दोन उंच दीपमाळा, जुनी जामा मशीद, शहेनशाहवली दर्गा. सगळं मिळून तासाभराचा पट्टा. त्यात यादवांच्या काळापासून निजामशाही आणि पुढं निजामापर्यंतचं काम पडलेलं आहे, आणि ते बघायला मुद्दाम कुणी येत नाही. पर्यटक औरंगाबादला येतात, वेरूळ-अजिंठा करतात आणि परत जातात. आमच्याकडं येतात ते भाविक, नाहीतर बदली झालेले अधिकारी.

या पट्ट्यावर माझा काही हक्क आहे का, हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे. मी एकोणतीस वर्षांचा, पुण्यात राहतो, कंपनीत कोड लिहितो. देव मानत नाही. आमचं घर लिंगायत, आजीच्या गळ्यात शेवटपर्यंत इष्टलिंग होतं, माझ्या गळ्यात ऑफिसचं आयकार्ड असतं. तरीही कंकालेश्वराच्या त्या तारकाकृती बांधणीजवळ उभं राहिलं की मला जे होतं ते ताजमहाल बघून झालं नव्हतं. आता हे जे होतं, त्याला हक्क म्हणायचं की नुसतीच आवड?

प्रश्न आला तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. आमचं गाव नेकनूरच्या बाजूला, नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर भांडण वाढेल. गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. काळ्या दगडाचे खांब, चुन्याविना एकात एक बसवलेले, दार इतकं बुटकं की आपोआप नमस्कार होतो. कुणी बांधलं कुणाला ठाऊक नाही. हेमाडपंती म्हणतात, पण आपल्याकडं प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे त्याला फार अर्थ नाही. पुरातत्त्व खात्याचा बोर्ड नाही. गळतं. शिखराच्या फटीत पिंपळ उगवतो.

ग्रुपवर निरोप आला की जीर्णोद्धार करायचा ठरला आहे. जुना मंडप उतरवून आरसीसीचा सभामंडप, खाली-वर टाइल्स, रंग, नवा कळस. नोकरदारांनी किमान अकरा हजार द्यावेत. माझ्या नावापुढं कुणीतरी परस्पर एकवीस लिहिले होते, इंजिनियर म्हणून. मी लिहिलं, पैसे देतो, पण जुने खांब हलवू नका. तीन अंगठे आले, तिघंही पुण्या-मुंबईचे. मग तात्यांची, म्हणजे चुलत्यांची, व्हॉइस नोट आली. सतरा सेकंदांची. "आरं बाबा, तुझं म्हणणं बरोबर आसंल. पण तू त्या देवळात शेवटचा कव्हा आलतास, तेवढं सांग."

यावर लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. ज्यात आपण राहत नाही, जिथं हात जोडत नाही, जिथं झाडू मारत नाही, ती जागा कशी असावी हे आपण कोणत्या अधिकारानं सांगायचं?

मधली चौदा महिने मी इंग्लंडमध्ये नॉर्विचला होतो, प्रोजेक्टच्या कामानं. त्या शहराबद्दल तिथं एक जुनं बोलणं आहे की वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला एक चर्च आणि प्रत्येक दिवसाला एक पब. आता तेवढे राहिलेले नाहीत, पण आसपासच्या नॉरफोक परगण्यात साडेसहाशेहून जास्त मध्ययुगीन चर्च अजून उभी आहेत. त्या भागात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, म्हणून शेतात सापडणारे चकमकीचे गोटे चुन्यात बसवून भिंती उचललेल्या. कित्येकांचे बुरूज गोल. शनिवार-रविवारी करण्यासारखं दुसरं काही नसायचं, तेव्हा बस पकडून एखाद्या खेड्यात उतरायचो. चर्च बहुतेक उघडं असायचं, आत चिटपाखरू नाही, दाराशी वही आणि दानपेटी. वहीत गावच्याच लोकांच्या नोंदी असायच्या, छपरासाठी अमुक दिले, घंटेच्या दोरासाठी तमुक दिले. पबमध्ये बसल्यावर कळायचं की यातले बरेच लोक रविवारच्या प्रार्थनेला जातच नाहीत. ऑफिसमधल्या एका तिथल्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, देव असो नसो, छप्पर तर गळतंय ना.

फिलिप लार्किन नावाच्या त्यांच्या कवीची 'चर्च गोइंग' ही कविता १९५५ च्या संग्रहात आहे. श्रद्धा नसलेला माणूस रिकाम्या चर्चमध्ये का थांबतो, आणि शेवटचा श्रद्धाळूही गेल्यावर या जागांचं काय होणार, हाच तिचा विषय. याचं उत्तर इंग्लंडनं काही अंशी कायद्यानं दिलंय. प्रार्थना बंद पडलेल्या चर्चसाठी १९६९ मध्ये एक निधी उभा केला गेला. आज त्या व्यवस्थेकडं साडेतीनशेहून जास्त चर्च आहेत. श्रद्धा संपली तरी इमारत सांभाळायची, असा तो व्यवहार.

आमच्याकडची अडचण नेमकी उलटी आहे. श्रद्धा संपलेली नाही. ती जोरात आहे, तिच्या हातात पैसा आला आहे, आणि देवळाला धोका आहे तो त्या जोराचा.

हेही इंग्लंडमध्ये होऊन गेलंय, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिकडं धर्माची मोठी लाट आली आणि भाविकांनी शेकडो जुनी चर्च 'दुरुस्त' केली. भिंतींवरचा जुना गिलावा खरवडला, वेगवेगळ्या शतकांत जोडलेले भाग पाडले आणि सगळं 'मूळ रूपात' आणलं, म्हणजे त्यांना मूळ वाटलेल्या रूपात. १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या प्रार्थनास्थळाची पाळी आली तेव्हा विल्यम मॉरिस चिडला आणि त्यानं जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणून लोक तिला गमतीनं 'ॲन्टी-स्क्रेप' म्हणत. मॉरिस ऑक्सफर्डला गेला होता तो धर्मगुरू व्हायला आणि तो बेत सोडून कलेकडं वळला होता. म्हणजे तिथंही भाविकांना हात आवरा असं सांगणारा माणूस देवळाच्या बाहेरचाच होता. मला ते वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तात्यांचा प्रश्न त्यानं सुटत नाही. मॉरिसलाही कुणीतरी विचारलंच असेल की तू शेवटचा कधी आला होतास.

कपिलधारला मी लहानपणी दरवर्षी जायचो, आजीबरोबर, कार्तिकी पौर्णिमेला. मराठवाड्यातून, कर्नाटकातून पायी दिंड्या येतात. आजीसाठी कपिलधार म्हणजे मन्मथ स्वामी आणि स्वामी म्हणजे 'परमरहस्य'. वीरशैव विचार मराठी ओव्यांत सांगणारा तो ग्रंथ. घराघरांत त्याचं पारायण होतं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला त्यातलं पुष्कळ पाठ होतं. तिला दरी, धबधबा, दगड यांचं काही विशेष नव्हतं. पावसाळ्यात कॉलेजची पोरं धबधब्याला येतात, रील काढतात, चिप्सची पाकिटं टाकून जातात, तेव्हा ती म्हणायची, यांना पाणी दिसतंय, स्वामी दिसत नाहीत. तिला स्वामी दिसायचे, पाणी दिसायचं नाही, असं मला आता वाटतं. दोघांनाही जागा अर्धीच दिसत होती.

आणि इथं एक गंमत आहे. ज्या परंपरेत आजी वाढली तिला दगडी देवळाचं कौतुक मुळातच कमी. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी जो मार्ग घालून दिला त्यात लिंग गळ्यात असतं, माणूस हेच चालतं देऊळ. स्थावरापेक्षा जंगमाचा मान मोठा. त्या हिशोबानं पाहिलं तर खांब राहिले काय आणि गेले काय, दिंडी चालत राहिली पाहिजे. माझा सगळा जीव खांबांत, म्हणजे स्थावरात अडकलेला. आजी असती तर तिनं मला बाहेरचा ठरवलं असतं ते नास्तिक म्हणून नव्हे, दगडाची पूजा करतो म्हणून!

मग आपण ज्याला 'वारसा' म्हणतो ते नेमकं काय आहे? पेपरात हा शब्द फुलासारखा वापरतात, समृद्ध वारसा, गौरवशाली वारसा. गावात 'वारस' म्हटलं की तलाठी आठवतो. आजोबा गेले की वारसनोंद लावायची, फेरफार निघतो, सातबारावर नावं चढतात. जमिनीबरोबर सोसायटीचं कर्जही येतं. पुण्यातला भाऊ, लातूरला दिलेली बहीण, सगळ्यांची नावं असतात, पण जमीन कसतो एकच. आमच्याकडं तात्या कसतात. आम्हा सगळ्यांची नावं वर आहेत आणि त्यावर आम्ही वर्षातून एकदा ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन जातो.

निजामाचं राज्य गेल्यावर मराठवाड्यात १९५० चा कूळ कायदा आला. कसेल त्याची जमीन. हैदराबादला किंवा मोठ्या गावात बसून मालकी सांगणाऱ्यापेक्षा मातीत हात घालणाऱ्याचा हक्क मोठा, हे तत्त्व आमच्या भागात पुस्तकातून आलेलं नाही. लोकांनी ते जगलेलं आहे. देवळाला हेच लावलं तर तात्यांचं म्हणणं बिनतोड आहे. रोज सकाळी जो पिंडीवर पाणी घालतो, श्रावणात जो रांग लावतो, शिखरावरचा पिंपळ उपटायला जो वर चढतो, देऊळ त्याचं. माझं नाव फार तर सातबाराच्या कोपऱ्यात.

पण त्याच कायद्यात पुढं एक अट होती. कुळाला मिळालेली जमीन त्यानं पिढ्यान्‌पिढ्या कसावी, खावी. विकायची असेल तर मात्र परवानगी लागायची. सातबारावर अशा बंधनाच्या जमिनींसाठी एक रूक्ष शब्द आहे, 'भोगवटादार वर्ग दोन'. भोगवटा तुझा, पण मोडायचा अधिकार एकट्या तुझा नाही. वर्ग एकवाला मन मानेल तसं करतो. शेतकऱ्यांना वर्ग दोनचा जाच होतो, तहसीलच्या चकरा होतात, आणि तो बदलून घ्यायला लोक धडपडतात हे मला ठाऊक आहे. तरी जुन्या देवळाशी माणसाचं नातं सांगायला मला याहून नेमका शब्द मराठीत सापडलेला नाही. गाव वर्ग दोन आहे. पुजारी वर्ग दोन. देणगीदार, पुरातत्त्व खातं, मी, सगळे वर्ग दोन. वर्ग एक कुणीच नाही, कारण ज्यानं ते खांब उभे केले तो गेला आणि ज्याला ते मिळायचे आहेत तो जन्मला नाही.

हे मी तात्यांना फोनवर सांगितलं. त्यांना सातबाराची उपमा आवडली. म्हणाले, "मग परवानगी कोण देणार? तू?"

परवानगी देणारं सरकार आहे असं म्हणून चालत नाही. १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, १९६० चा राज्याचा आहे. केंद्राच्या यादीत देशभरात साडेतीन हजारांवर स्मारकं आहेत, आणि २०१३ मध्ये कॅगनं तपासणी केली तेव्हा यादीतली ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. यादीत असून ही गत, तर यादीबाहेरच्या आमच्या महादेवाला कोण विचारतो. शिवाय खात्याच्या ताब्यात गेलेल्या देवळाचं काय होतं हेही गावानं पाहिलेलं असतं. लोखंडी गेट, निळा बोर्ड, आत वटवाघळं. गावाला तेही नको आहे आणि मलाही नको.

माझा स्वतःचा तर्क इतका स्वच्छ चालला असताना मी आत्याला फोन केला, ती माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. आत्या गावातच दिलेली. देवळातल्या पहिल्या टाइल्स तिनं बसवल्यात, गाभाऱ्याबाहेर, सहा वर्षांपूर्वी, मामांच्या नावानं. एका टाइलवर त्यांचं नाव कोरलेलं आहे. मी म्हणालो, "आत्या, तो जुना दगड किती छान होता, तू त्यावर टाइल कशाला घातलीस?" ती म्हणाली, "छान होता रं, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ यायचं. तुझी आजी त्याच दगडावरून घसरून खुब्यात मोडली, हे इसरलास का?"

विसरलो नव्हतो. जोडून पाहिलं नव्हतं एवढंच. ती पुढं जे बोलली ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, "आमचं घर मातीचं, वर माळवद होतं. दरसाली पावसाच्या आधी त्यावर माती टाकावी लागायची, रात्रभर पातेली मांडून बसायचो गळतंय म्हणून. घरकुलात स्लॅब टाकला, तव्हा कुणी आलं नाही म्हणायला की माळवद ठेवा, जुनं आहे. मग देवानं का गळक्या घरात राहावं?"

माळवद खरंच गेलं. मराठवाड्यातली लाकडी खांबांवर पांढऱ्या मातीचं सपाट छत असलेली घरं माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत संपली आणि त्यावर एकही फेसबुक पोस्ट मी लिहिली नाही. कारण त्यात राहण्याचा त्रास मला माहीत होता. देवळाच्या गळण्याचा त्रास मला होत नाही, म्हणून ते मला सुंदर दिसतं. वारसा म्हणून आपण ज्याला जपायला निघतो, त्यातलं बरंचसं असं असतं की त्याची गैरसोय दुसरा कुणीतरी सोसत असतो.

त्यात पुन्हा आमच्या जिल्ह्याची गोष्ट वेगळी. दसरा झाला की टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायको, मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रॅक्टरवर संसार, पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर पाच-सहा महिने. कपिलधारला कार्तिकी भरते तेव्हा आमच्यासारख्या कित्येक गावांत म्हातारे आणि शाळेतली पोरंच उरलेली असतात. 'कसेल त्याची' म्हणायचं, तर कसणारा निम्मं वर्ष पाचटाच्या कोपीत. जीर्णोद्धाराची बैठक झाली ती मार्गशीर्षात. म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना विचारलंच गेलं नव्हतं, मला नाही आणि त्यांनाही नाही. फरक एवढाच की मला ग्रुपवर बोलता आलं. त्यांच्यातल्या एकानं फडावरून पाचशे रुपये फोनपेनं पाठवले आणि खाली हात जोडल्याची इमोजी. त्या पाचशेत काय होतं याचा मी बराच विचार केला. वर्षातून निम्मा काळ आपण ज्या गावात नाही, तिथं आपलं काहीतरी पक्कं, सिमेंटचं, उन्हापावसात न हलणारं असावं, ही इच्छा असणार. जुना दगड त्याच्यापेक्षा कितीतरी पक्का आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सिमेंट पन्नास-साठ वर्षांत गंजलेल्या सळया दाखवायला लागतं. देऊळ कित्येक पिढ्या उभं आहे.

इथं मला खजाना विहीर आठवते. १५८२ च्या सुमारास, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधवून घेतलेली, काम राजा भास्कर नावाच्या माणसाचं. जमिनीखालून आलेले नाले पाणी आणतात आणि दुसऱ्या नाल्यानं ते खालच्या शेतांकडं जातं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. दुष्काळातही हिचं पाणी आटत नाही, असं बीडमध्ये शाळेपासून सांगतात. मला त्या विहिरीचं सगळ्यात मोठं कौतुक याचं वाटतं की ती वापरात राहिली. शेतकऱ्याला तिची गरज होती म्हणून तिचे नाले कुणी बुजवले नाहीत. आमच्या धंद्यात वीस वर्षं जुना, कुणालाच नीट न कळणारा, पण रोज लाखो व्यवहार करणारा कोड असतो. त्याला आम्ही नाक मुरडून 'लेगसी' म्हणतो. नवा मुलगा आला की त्याला तो सगळा पाडून पुन्हा लिहायचा असतो. अनुभवी माणूस त्याला एवढंच म्हणतो की जो बदल मागं घेता येतो तो खुशाल कर, येत नाही तो करताना चार जणांना विचार.

वर्ग दोनचा अर्थ मी असाच लावतो. वापर थांबवायचा नाही. आत्याची टाइल मागं घेता येते. उद्या कुणाला वाटलं तर उचलता येईल, खाली दगड आहे तसाच असेल. पंढरपुरात २०२४ मध्ये हेच झालं. विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचं काम निघालं, अलीकडच्या काळातल्या फरश्या काढून आतला जुना दगड मोकळा केला, आणि त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवलं. मे महिन्यात काम चालू असताना एक तळघर सापडलं, त्यात मूर्ती होत्या. वारकऱ्यांनी अडीच महिने लांबून दर्शन घेतलं. म्हणजे भाविकाला दगडाचं काही नसतं हे खरं नाही. त्याला कुणी विश्वासात घेऊन सांगितलं तर तो थांबतो. पण खांब उतरवून ट्रॉलीत भरले, नदीकाठी टाकले आणि वर स्लॅब पडला, की ते परत येत नाही. दगडावर मशीननं वाळूचा मारा केला की हजार हातांनी गुळगुळीत झालेला वरचा थर जातो, तोही परत येत नाही. एवढी एकच रेघ आहे. तिच्या अलीकडं सगळं गावाचं. पलीकडं जायचं असेल तर फडावरच्यालाही विचारावं लागेल, आत्यालाही, आणि हो, पुण्यातल्या नास्तिकालाही.

पबचं मात्र राहिलंच. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानं गावकऱ्यांना एक सोय दिली आहे. गावाच्या एकत्र बसण्याची जागा, मग तो पब का असेना, यादीत घालता येते. मालक विकायला निघाला तर लोकांना पैसे जमवायला सहा महिने मिळतात. मला हे चर्चच्या निधीपेक्षाही शहाणपणाचं वाटतं. आमच्याकडं पब नाही, हॉटेल आहे. मांजरसुंब्याच्या चौकात रस्ता मोठा झाला तेव्हा जुन्या टपऱ्या मागं सरकल्या, कित्येक गेल्या. कपिलधारहून चालून आलेला वारकरी, केजकडं जाणारा मास्तर, मुकादम आणि त्याच्या मागं लागलेला मजूर, सगळे तिथं एका बाकड्यावर कटिंग प्यायचे. कुणाशी कुणाचं भांडण आहे आणि कोणाची पोरगी कुठं दिली, हे देवळात कळत नाही, तिथं कळतं. त्या बाकड्याला वारसा म्हणायला कुणी तयार होणार नाही. आमच्या गावच्या पाराचं झाड गेलं तेव्हाही कुणी म्हणालं नाही. आणि माझा अंदाज असा आहे की देवळाचा निर्णय ग्रुपवर झाला तो पार नव्हता म्हणून. पारावर झाला असता तर तात्यांना सतरा सेकंद पुरले नसते आणि मला गप्प बसता आलं नसतं.

तर मी गेलो. रविवारी, फोन न करता. तात्या देवळाच्या ओट्यावर होते. म्हणाले, "आलास? बस." तिथंच दोन तास बोलणं झालं, पुजारी अप्पा होते, आत्या होती, ग्रामपंचायतीचे दोघं होते. मी माझं मांडलं. जुना मंडप आहे तसा ठेवा, मोकळ्या अंगणात हवा तेवढा सभामंडप बांधा. गळती चुन्यानं बंद करू. पायरीला टाइल नको, खडबडीत शहाबादी बसवू, म्हणजे कुणी घसरणार नाही. माझे एकवीस हजार गळतीसाठी धरा. ग्रामपंचायतीतल्या एकाला हे पटलं नाही. त्याच्या मते शेजारच्या गावानं तीस फुटी कमान केली आहे आणि आपलं देऊळ रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. अप्पा इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "महादेवाला दिसायची हौस नाही, तुम्हाला आहे."

ठरलं काहीच नाही. टोळ्या आल्यावर, गुढीपाडव्यानंतर पुन्हा बसायचं, तोवर खांबांना हात लावायचा नाही, एवढंच. उठताना तात्यांनी विचारलं, "चुन्याचं काम करणारा गवंडी कुठनं आणणार?" मला वाटलं होतं यूट्यूबवर बघून कुणीही करेल. चुना भिजत घालायचा, मुरवायचा, घाणीत मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी किती घालायचं, हे येणारी माणसं आमच्या भागात आता शोधावी लागतात. चार फोन केले. एक जण मिळाला, सत्तरीचा, म्हणाला हात थरथरतात, पण पोरगा बरोबर दिलात तर येतो. सिमेंटवाला आठ दिवसांत करून देतो म्हणतो, याला दोन महिने हवेत. पिंपळ मात्र तात्यांनी त्याच संध्याकाळी वर चढून काढला, मुळासकट.